मेगा मॅन २ खेळताना या चुका टाळा

मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात दुपारी पोरांना बाहेर सोडायची सोय नसते. मग भाचे, शेजारची मुलं, त्यांचे मित्र असे सगळे आमच्या घरी जमतात आणि मी त्यांना मेगा मॅन २ लावून देतो. कॅपकॉमचा हा गेम डिसेंबर १९८८ मध्ये जपानात आला आणि आता लेगसी कलेक्शन या जुन्या मेगा मॅन गेमच्या संचात सहज मिळतो. पोरं दरवर्षी नवीन असतात, पण मरतात त्याच जागी आणि त्याच कारणाने.

पहिली तक्रार ठरलेली असते, 'बटण उशिरा लागतंय.' बहुतेक वेळा दोष टीव्हीचा असतो. मोठे टीव्ही चित्र गुळगुळीत करून दाखवायच्या नादात ते उशिरा दाखवतात आणि या गेममध्ये तेवढ्यानेच उडी चुकते. सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड लावा आणि कंट्रोलर शक्यतो वायरचा घ्या. मात्र पडद्यावर गर्दी झाल्यावर गेम संथ झाला किंवा चित्रं लुकलुकली, तर कॉम्प्युटर बिघडला असं समजू नका. मूळ मशीनला एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी चित्रं, दाखवता येत नव्हती, त्यामुळे चित्रं लुकलुकायची. कलेक्शनमध्ये ते तसंच ठेवलं आहे आणि मला ते योग्यच वाटतं.

पुढचे भाग आधी खेळून आलेले लोक इथे स्लाइड (जमिनीलगत घसरणं) आणि चार्ज शॉट (बटण दाबून धरून सोडलेली जोरदार गोळी) शोधत बसतात. स्लाइड तिसऱ्या भागात आली, चार्ज शॉट चौथ्यात. या भागात दोन्ही नाहीत.

आता क्रमाबद्दल. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक बॉस असतो आणि त्याला मारलं की त्याचं हत्यार आपल्याला मिळतं. हे आठ बॉस कुठल्याही क्रमाने घेता येतात, म्हणून नवखा माणूस चेहरा आवडेल त्याच्यावर बोट ठेवतो. तसं करू नका, मेटल मॅनपासून सुरुवात करा. त्याचं मेटल ब्लेड आठ दिशांना सुटतं आणि चार ब्लेड फेकली तरी ऊर्जेचा एकच दाणा जातो. बबल मॅन आणि फ्लॅश मॅनही त्यानेच पडतात. एअर मॅनला हीट मॅनच्या आधी मारा. एअर मॅनकडून आयटम-२ हे उडतं वाहन मिळतं आणि हीट मॅनच्या टप्प्यात लाव्हावर दिसून नाहीसे होणारे ठोकळे त्यावरून ओलांडता येतात. ते ठोकळे पाठ करायचे असतील तर जरूर करा, मी केले आहेत. पण पहिल्याच आठवड्यात त्यावर डोकं आपटून गेम सोडून देणारी पोरं बघून मला वाईट वाटतं.

लीफ शील्ड, म्हणजे पानांची ढाल, लावून चालायला जाऊ नका. दिशेचं बटण दाबलं की पानं उडून जातात.

क्विक मॅनच्या टप्प्यातले प्रकाशझोत एका स्पर्शात मारतात. सगळे जण तिथे टाइम स्टॉपर हे वेळ थांबवणारं हत्यार वापरतात, आणि तोही पहिल्याच विहिरीत. एकदा सुरू केला की तो ऊर्जा संपेपर्यंत थांबत नाही, त्यामुळे दुसऱ्या, लांब उताराला हातात काही उरत नाही. पहिली विहीर हातानेच उतरा. काठावरून सुटण्याआधी पुढच्या पडद्यावर डावीकडे जायचं की उजवीकडे हे ठरलेलं असायला हवं. पडता पडता विचार करणारा मेलाच म्हणून समजा. मी टाइम स्टॉपर खालच्या उतारासाठी राखतो आणि क्विक मॅनवर क्रॅश बॉम्ब टाकतो.

क्रॅश बॉम्बचा विषय निघालाच आहे तर सर्वांत मोठी चूक सांगतो. आठही बॉस संपले की खलनायक डॉ. वायलीचा किल्ला येतो. त्यातल्या चौथ्या टप्प्याच्या शेवटी एक खोली आहे. तिथे भिंतींवर पाच तोफा असतात आणि मध्ये आडव्या येणाऱ्या भिंती. तोफा फक्त क्रॅश बॉम्बने फुटतात. हत्याराच्या ऊर्जेची पट्टी पूर्ण भरलेली असली तरी बॉम्ब सात. पाच तोफांना पाच गेले की भिंतींसाठी उरतात दोन.

मागच्या गड्डा यात्रेला भाचा आमच्याकडे राहायला होता. रात्री होम मैदानावरून परत आलो की तो झोपायचं नाव न काढता खेळायला बसायचा. दर दहा पावलांवर सेव्ह, मेला की लोड. स्फोट बघायला आवडतो म्हणून वाटेतल्या फुटकळ शत्रूंवरही क्रॅश बॉम्ब टाकत गेला. त्या खोलीच्या दारात पोचला तेव्हा तीन बॉम्ब उरले होते आणि तिथेच त्याने जुन्या सेव्हवर नवं सेव्ह केलं. मग सुरू झालं, लोड कर, तीन तोफा फोड, मर, परत लोड. अर्ध्या तासाने म्हणाला, "मामा, हा गेमच चुकीचा बनवलाय."

गेम बरोबरच होता. एक जीव गेल्यावर हत्यारांची ऊर्जा भरत नाही, पण गेम ओव्हर झाल्यावर कंटिन्यू केलं की भरते. तो गेम ओव्हर होऊच देत नव्हता. मी त्याला सांगितलं, "आता लोड करू नकोस. उरलेले जीव जाऊ दे, कंटिन्यू कर आणि टप्पा पहिल्यापासून खेळ." तो रुसला, पण खेळला. या वेळी त्याने एकही बॉम्ब वाटेत टाकला नाही. खोलीत शिरल्यावर त्याला आधी नुसतं बघायला लावलं: कुठली तोफ मोकळी आहे, कुठली भिंतीआड, कुठे आयटम-१ च्या वर सरकणाऱ्या फळीवर चढून भिंत न फोडताच पोचता येईल. सातवा बॉम्ब शेवटच्या तोफेवर लागला आणि त्याच्या ओरडण्याने घरातले सगळे उठले.

सेव्ह स्टेट वापरायला माझी ना नाही. शाळा-कॉलेज, नोकरी सांभाळून खेळणाऱ्याला ते हवंच. पण सेव्ह टप्प्याच्या सुरुवातीला करा, सगळ्या पट्ट्या भरलेल्या असताना. बॉसच्या दारात रिकाम्या हाताने केलेलं सेव्ह तुम्हाला त्याच दारात अडकवून ठेवतं.

आयुष्याची पट्टी पुन्हा भरणारे एनर्जी टँक चारच साठतात. घाबरून अर्ध्या आयुष्यावर पिऊ नका.

शेवटचा बॉस एलियन. त्याला फक्त बबल मॅनचं बबल लेड लागतं, हे माहीत नसल्यामुळे लोक तिथे एकेक हत्यार लावून बघत मरतात. चौथ्या टप्प्यातल्या खोट्या जमिनी शोधायला बबल लेड सोडणं चांगलंच, पण नंतर त्याची पट्टी जपा. एलियन हवेत आडव्या इंग्रजी आठच्या (8) आकारात फिरतो. बुडबुडा थोडा वर जाऊन खाली येतो, म्हणून त्याच्या मागे धावू नका. एका जागी उभे राहा, तो खालच्या वळणावर समोर आला की सोडा आणि लगेच बाजूला व्हा.