बीकॅश संथ चालत असेल तर काय तपासावे

ठाण्यात नौपाड्यातील एका फोटो स्टुडिओच्या लिनक्स संगणकावर मोठ्या हार्ड डिस्कला बीकॅशद्वारे, म्हणजे वारंवार लागणारी माहिती वेगवान एसएसडीवर (कॅशमध्ये) ठेवणाऱ्या लिनक्समधील सोयीद्वारे, एक लहान एसएसडी जोडलेली होती, तरीही लग्नाचे व्हिडिओ पूर्वीच्याच वेगाने कॉपी होत होते. मालकांनी नवी एसएसडी घेण्याचे ठरवले होते. पण माझ्या मते तपासणीची सुरुवात खरेदीने कधीही करू नये. माहिती मुळात कॅशमधून जाते आहे का, हे आधी पाहावे.

त्यासाठी बीकॅश स्वतःच आकडेवारी ठेवते. त्यात हिट रेशोइतकाच (मागितलेली माहिती कॅशमध्ये सापडण्याच्या प्रमाणाइतकाच) ‘बायपास्ड’ हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण कॅशला वळसा घालून थेट हार्ड डिस्ककडे किती माहिती गेली, हे तोच सांगतो. स्टुडिओत हा आकडा प्रचंड होता. सलग वाचन किंवा लेखन ४ एमबीच्या पुढे गेले की बीकॅश ते मुद्दाम बाजूला काढते, कारण सलग कामात हार्ड डिस्क पुरेशी वेगवान असते आणि एकाच मोठ्या व्हिडिओमुळे कॅशमधील उपयुक्त लहान फायली बाहेर फेकल्या जाऊ नयेत. ही मर्यादा शून्य केल्यास वळसा बंद होतो, मात्र ते केवळ चाचणीपुरते करावे. व्हिडिओंसाठी मूळ मर्यादाच योग्य आहे.

लहान फायलीही हळू उघडत असतील तर गर्दीची मर्यादा पाहावी. एसएसडीला वाचनासाठी २,००० किंवा लेखनासाठी २०,००० मायक्रोसेकंदांहून अधिक वेळ लागू लागला की बीकॅश काही काम हार्ड डिस्ककडे वळवते. दोन्ही आकडे शून्य केल्यास हे थांबते. मोजणी करताना तीच फाइल दोनदा वाचावी, कारण पहिले वाचन हार्ड डिस्कवरूनच होते. दुसऱ्या वाचनापूर्वी रॅममधील कॅश रिकामी करावी, अन्यथा रॅमचाच वेग मोजला जाईल.

केवळ लेखन संथ असेल तर ‘राइटथ्रू’ ही लेखनाची पद्धत त्याचे कारण असू शकते, कारण त्यात हार्ड डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबावेच लागते. ‘राइटबॅक’ने, म्हणजे आधी एसएसडीवर आणि नंतर हार्ड डिस्कवर लिहिण्याच्या पद्धतीने, वेग वाढतो, परंतु एसएसडी बिघडल्यास हार्ड डिस्कवर न पोहोचलेली माहिती जाते, म्हणून ग्राहकांचे फोटो असलेल्या संगणकावर स्वतंत्र बॅकअपशिवाय मी ते सुचवणार नाही.

एसएसडीची साटा (केबलने होणारी) जोडणी सेकंदाला ६ ऐवजी ३ गिगाबिटवर चालत असल्यास केबल आणि पोर्ट बदलून पाहावा. एसएसडी एनव्हीएमई (अधिक वेगवान) प्रकारची असल्यास मे महिन्यातील दुपारी तिचे तापमानही पाहावे, कारण तापल्यावर ती आपला वेग स्वतः कमी करते.

सलग कामाच्या आणि गर्दीच्या मर्यादांमधील बदल रीबूटनंतर पुसले जातात, त्यामुळे ते टिकवण्यासाठी यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणे सुरू होताना सेटिंग लावणाऱ्या यंत्रणेचा) नियम लिहावा लागतो.