सेंट क्लेअरवर निघण्याआधी: स्मॉलमाउथची तयारी

मे महिना लागला की मिशिगनमधल्या ट्रॉय-नोव्हायकडच्या आमच्या गोतावळ्यात स्मॉलमाउथ बॅस या गोड्या पाण्यातल्या माशाचे वेध लागतात आणि दरवर्षी एकच प्रश्न निघतो: "काठी कुठली घेऊ?" मी मालवणात गरी टाकत वाढलो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. माझं उत्तरही ठरलेलं आहे. काठीचं नंतर बघू, आधी दोरी बांधून पाण्यात सोडता येईल असा थर्मामीटर घ्या. मिशिगन आणि कॅनडाच्या मधल्या लेक सेंट क्लेअर या तळ्याचा पसारा सुमारे 430 चौरस मैलांचा आणि सरासरी खोली जेमतेम 11 फूट, म्हणजे घराच्या एका मजल्याएवढी. एवढ्या मोठ्या पसरट परातीत मासा कुठेही असू शकतो. आज तो कुठे असेल हे सांगतं पाण्याचं तापमान, आणि त्याच्या खालोखाल वारा.

म्हणून यादीतली पहिली वस्तू थर्मामीटर आणि दुसरी वही. पाणी 50 फॅरनहाइटच्या खाली असेल तर स्मॉलमाउथ सुस्त असतो, समोर आलेलं आमिषसुद्धा विचार करून घेतो. 50 ओलांडलं की तो खोल पाण्यातून किनाऱ्याकडे सरकू लागतो. 60 च्या आसपास नर वाळू-खड्यांच्या तळावर शेपटीने झाडून बशीसारखं घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते, राखण बापाकडे. उन्हाळ्यात पाणी तापलं की बरेचसे मासे 12 ते 18 फुटांवरच्या गवताच्या कडांना जातात, आणि सप्टेंबरनंतर छोट्या माशांच्या थव्यांमागे पुन्हा हिंडू लागतात. वहीत तारीख, तापमान, वाऱ्याची दिशा आणि मासा लागला तिथली खोली लिहा. तिसऱ्या वर्षी ती वही दुकानातल्या कुठल्याही आमिषापेक्षा जास्त मासे देते.

कागदपत्रं आदल्या आठवड्यातच उरकून टाका. 17 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मिशिगनचा मासेमारी परवाना लागतो. तो घरबसल्या काढता येतो आणि 31 मार्चला संपतो, त्यामुळे एप्रिलमध्ये जुना परवाना खिशात घालून निघू नका. बॅस पकडून लगेच सोडायला वर्षभर मुभा आहे, पण घरी न्यायचा असेल तर या तळ्यावर जूनचा तिसरा शनिवार उजाडावा लागतो. मासा किमान 14 इंच हवा, आणि स्मॉलमाउथ आणि लार्जमाउथ या दोन्ही जातींचे बॅस मिळून दिवसाला पाच. नियमपुस्तिका मात्र दरवर्षी नव्याने चाळा. तळ्याच्या मधूनच सरहद्द जाते, तिच्यापलीकडे ओंटारियोचा परवाना लागतो. पाण्यात कुंपण नसतं, तेव्हा फोनवरच्या नकाशात ती रेघ दिसते ना, हे किनाऱ्यावरच पाहून घ्या.

आता वारा. आदल्या रात्री हवामान बघताना पावसाकडे नंतर बघा, आधी वाऱ्याची दिशा बघा. पश्चिमेचा वारा असला की आपल्या बाजूचा, म्हणजे पश्चिम किनारा शांत राहतो, होडी उतरवायला सोपं जातं. फक्त तो वारा तुम्हाला गोडीगुलाबीने कॅनडाकडे ढकलत नेतो, आणि परतताना तोच तोंडावर येतो. पूर्वेचा वारा लाटा आपल्या किनाऱ्यावर आणून आपटतो आणि पाणी गढूळ करतो. तळं उथळ असल्यामुळे लाटा आखूड, उभ्या आणि झटपट येतात. ताशी 15 मैलांच्या वर वारा दिसला तर मी छोटी होडी काढत नाही, तळ्याकाठच्या मेट्रोपार्क या सार्वजनिक बागेच्या काठावरूनच गळ टाकतो. मंद वारा मात्र हवाच. होडी आपोआप सरकत राहते आणि आमिष तळावरून फिरतं. वेग जास्त वाटला तर पाण्यात सोडायला ड्रिफ्ट सॉक, म्हणजे कापडी बादलीच, सोबत ठेवा.

नकाशावर खोलीच्या रेषा बघून चार-पाच जागा हेरून ठेवा: 8 ते 14 फुटांमधली गवताची कड, गवतातलं वाळूचं टक्कल, दगडांचा ढीग, जहाजांसाठी खोदलेल्या खोल वाटेचा काठ. (त्या वाटेवर नांगर टाकून बसू नका. हजार फुटी जहाज तुमच्यासाठी थांबत नाही.) पोलराइज्ड चष्मा विसरलात तर यातलं निम्मं काही दिसणार नाही. 1988 मध्ये याच तळ्यात झीब्रा शिंपल्या सापडल्या. त्या पाणी गाळत गेल्या, पाणी नितळ झालं, ऊन तळापर्यंत पोचू लागलं आणि गवत माजलं. आपल्याला तळ दिसतो, तसे आपणही माशाला दिसतो. म्हणून आमिष लांब फेकायचं, आणि दोरी बारीक हवी.

तर, आता काठी. सात फुटी, मध्यम ताकदीची स्पिनिंग काठी आणि 2500 आकाराचं रीळ, एवढं पुरे. रिळावर 10 पाउंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारी ब्रेड (पाव नव्हे, विणलेली दोरी) आणि टोकाला सहा-आठ फूट 8 पाउंडी फ्लुरोकार्बनचा धागा, जो पाण्यात फारसा दिसत नाही. दोन्हींची गाठ आदल्या रात्री दिव्याखाली मारा. गार बोटांनी होडीत मारलेली गाठ चांगल्या माशालाच सुटते.

आमिषांचा डबा छोटा ठेवा. थंड पाण्यासाठी दोन जर्कबेट, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराची कडक आमिषं: झटका द्यायचा आणि मनात दहापर्यंत मोजत थांबायचं, कारण मासा त्या थांबण्यातच घेतो. वारा असेल त्या दिवसासाठी एक स्पिनरबेट, म्हणजे चकाकती पाती फिरणारं आमिष. बाकी सगळ्याला ट्यूब, म्हणजे मऊ, पोकळ नळीसारखं आमिष. साडेतीन इंची, हिरवट-तपकिरी, आत पाऊण तोळ्याहून थोडं जास्त शिसं. दिसायला अगदी माकलीचं पिल्लू. ती तळावरून सरपटत नेली की माशाला गोबी वाटते. गोबी म्हणजे बोटभर लांबीचा, बटबटीत डोळ्यांचा, आपल्या खाडीतल्या निवट्यांच्या भावकीतला मासा. तो मूळचा काळ्या समुद्राकडचा, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून इथे आला आणि 1990 मध्ये सेंट क्लेअर नदीत पहिल्यांदा आढळला. आता तो स्मॉलमाउथचं रोजचं जेवण आहे. जिवंत गोबी बाळगायला मात्र बंदी आहे, तेव्हा मुलांनी बाटलीत भरली तर रागवा.

ट्यूबला मासा लागतो तेव्हा ठक असं काही होत नाही. दोरी नुसती जड होते, तळावरचं ओलं फडकं ओढल्यासारखी. नवशिक्याला वाटतं गवत अडकलं. मनगटाने हलकेच उचलून बघा. गवत मान हलवत नाही. मग दोरी एकदम वर चढायला लागते आणि ब्राँझच्या रंगाचा, अंगावर उभे पट्टे, लालसर डोळा असा तो मासा पाण्याबाहेर हातभर उडी घेतो. त्या क्षणी काठीचं टोक खाली करा, नाहीतर तो गळ झटकून टाकतो. जबडा डोळ्याच्या खालीच संपत असेल तर स्मॉलमाउथ. डोळ्याच्या मागे गेला तर त्याचा थोराड चुलतभाऊ लार्जमाउथ.

सोडण्याची तयारीही पकडण्याआधीच करायची असते. रबरी जाळी, लांब तोंडाचा चिमटा, आणि आकड्यांचे उलटे काटे घरीच दाबून बसवलेले. हात ओला करा, पोटाखाली आधार द्या, फोटो एकच. आणि मे-जूनमध्ये उथळावर घरट्यावर बसलेला नर दिसला तर त्याला सोडून पुढे जा, असं मी म्हणेन. कायद्याने पकडून सोडता येतो, मान्य. पण एकदा मी तसा एक नर उचलला आणि फोटोच्या नादात होडी वाऱ्याने लांब गेली. परत वळून बघितलं तर घरट्यावर सात-आठ गोबी डोकी खुपसून अंडी खात होत्या. बाप पोहत आला तोवर बरंच संपलं होतं. त्यानंतर त्या दिवसांत मी खोल कडाच धरतो.

"मग आणलास का?" हा आईचा फोनवरचा प्रश्न. खाता येतो, मांस पांढरं आणि घट्ट, कोकमाचं आगळ लावून रव्यात तळला तर झकास. पण मोठ्या बॅसमध्ये पारा साठतो, म्हणून राज्याच्या आरोग्य विभागाचा 'ईट सेफ फिश' तक्ता आधी बघा, घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर नक्कीच. मी तळायला पर्च हा दुसरा छोटा मासा नेतो.

बाकी सामान लवकर सांगतो. माणशी एक लाइफ जॅकेट, आणि सहा वर्षांखालच्या मुलांच्या अंगात ते घातलेलंच हवं. शिट्टी, पाणी, टोपी, मे महिन्यातसुद्धा जाड जॅकेट. 1 जुलै 1996 किंवा त्यानंतर जन्मलेला कोणी होडी चालवणार असेल तर बोटिंग सेफ्टीचं प्रमाणपत्र. खायला थालीपीठ बरं, एका हाताने खाता येतं.

आणि बूच. होडीच्या मागच्या भोकाचं पितळी बूच तळ्यावरून निघताना काढावंच लागतं. इथून गवत-शिंपल्या दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून पाणी पूर्ण निथळवून, चिकटलेलं गवत काढून मगच होडी रस्त्यावर आणायची, असा कायदाच आहे. काढलेलं बूच पुढच्या वेळी आठवणीने लावायचं. माझ्या दुसऱ्याच फेरीला थर्मामीटर, वही, थालीपीठ सगळं जागेवर होतं आणि घोट्यापर्यंत पाणी आल्यावर मेहुणा म्हणाला, "भावोजी, तळं आत येतंय." तेव्हापासून बूच गाडीच्या किल्लीला बांधलेलं असतं.