घरात मांजर, आणि आता पाळणा हलणार

झबली, दुपटी, लंगोटांची जमवाजमव सुरू झाली की घरातलं कुणी ना कुणी विचारतंच, 'आता त्या मांजराचं काय करायचं?' पाळलेलं मांजर उपासमार होईल अशा ठिकाणी सोडून येणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तशी वेळ यायचं कारणही नसतं. फक्त चार महिने आधी कामाला लागावं लागतं. मांजर बिथरतं ते रोजचा क्रम एका रात्रीत मोडला की. बाळ घरी आलं त्याच दिवशी पलंग बंद, खोली बंद, जेवणाची वेळ चुकली, लिटर ट्रे (मांजराच्या शी-शूसाठी वाळूसारखे दाणे, म्हणजे लिटर, भरलेला ट्रे) हलला असं सगळं झालं, तर मांजराला त्याचं एकच कारण दिसतं: ते नवं रडणारं गाठोडं. म्हणून जे बदल करायचे ते सातव्या महिन्यापर्यंत उरकून टाका. बाळ येईल तेव्हा घरात नवीन असं फक्त बाळच असलं पाहिजे.

ट्रेचं काम आजपासून दुसऱ्याकडे

डॉक्टर ज्याची धास्ती घालतात तो टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी. मांजराला तो उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन लागतो. लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडे शीतून त्याची अंडी पडतात, आणि बहुतेक मांजरांच्या बाबतीत हे आयुष्यात एकदाच होतं. पडल्या पडल्या ती अंडी कुणाला बाधत नाहीत. तयार व्हायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. यातून दोनच नियम निघतात. ट्रे रोज साफ झाला पाहिजे, आणि तो गर्भवतीने करू नये. दुसरं कुणीच नसेल तर रबरी हातमोजे घालून करा आणि नंतर हात साबणाने धुवा. मांजराला अंगावर घेतल्याने किंवा त्याचा केस पोटात गेल्याने हा आजार होत नाही. उलट अर्धकच्चं मटण, मातीसकट आलेली आणि नीट न धुतलेली कोथिंबीर-मेथी, कुंडीतली माती हे मार्ग मांजर नसलेल्या घरातही उघडे असतात. तरी घरात मांजर आहे हे स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा. गरज वाटली तर ते रक्ततपासणी लिहून देतील.

मांजराला कच्ची मासळी, कच्चं चिकन देणं बंद करा, उकडून द्या. बाहेर भटकणारं असेल तर आताच घरात ठेवायची सवय लावा. सुरुवातीला फक्त रात्री, मग दुपारीही. बाल्कनीला जाळी मारल्याशिवाय हे जमत नाही.

पशुवैद्याकडची फेरी पाचव्या महिन्याच्या आत करा: रेबीजची आणि तिहेरी लस, जंताचं औषध (मोठ्या मांजराला साधारण दर तीन महिन्यांनी), पिसवांचे थेंब. नसबंदी राहिली असेल तर तीही. बोक्याच्या अंगातले हार्मोन उतरायला शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जातात; नवव्या महिन्यात केलेली नसबंदी बाळाच्या कपड्यांवरची लघवीची फवारणी वेळेत थांबवत नाही. नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापावी लागतील. आत गुलाबी रेघ दिसते ती रक्तवाहिनी. तिच्या पुढचं पांढरं टोक तेवढंच घ्या. एका बैठकीत चारही पंजे उरकायच्या मागे लागू नका, आज दोन बोटं, उद्या दोन.

खोली, पाळणा, झोळी

बाळाच्या झोपायच्या खोलीत मांजराला मुभा ठेवायची की नाही हे सहाव्या महिन्यात ठरवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच पाळा. मांजर बाळाचा श्वास ओढून घेतं ही निव्वळ कल्पना आहे. पण मांजराला ऊब हवी असते, आणि मान वळवता न येणाऱ्या बाळाच्या तोंडाशी ते गोळा होऊन झोपलं तर बाळ गुदमरू शकतं. म्हणून पहिलं वर्षभर झोपलेलं बाळ आणि मांजर एकटे एका खोलीत नकोत.

दार बंद झालं की पहिले काही दिवस मांजर ओरडेल, दार खरवडेल. चौथ्या रात्री कीव येऊन दार उघडलंत, तर चार रात्री ओरडलं की दार उघडतं हे ते शिकलं. झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसामागे पळवा, लगेच जेवण द्या, आणि तुमच्या वापरातली न धुतलेली चादर त्याच्या जागेवर अंथरा. दमलेलं, पोट भरलेलं मांजर अंग चाटतं आणि झोपतं.

उकाड्यामुळे दार लावून ठेवणं शक्य नसेल तर सुताराकडून चौकटीला जाळीचं दार बसवून घ्या. जाळी स्टीलची हवी, नायलॉनची नखांपुढे आठवडाभर टिकत नाही. बाळावर ठेवायची छत्रीसारखी मच्छरदाणी डासांसाठी आहे. चार-पाच किलोचं मांजर त्यावर उतरलं तर ती बाळावरच कोसळते.

पाळणा दोन महिने आधी मांडा. मांजर त्यात झोपणार हे गृहीत धरा. गादीच्या मापाचा पुठ्ठा कापा, त्यावर दोन-दोन इंचांवर दोन्हीकडून चिकटणारी टेप लावा आणि तो पाळण्यात तीन-चार आठवडे राहू द्या. पंजाला चिकटणारी जागा मांजर आपणहून सोडतं. हाकलण्याचा उपयोग नाही. तुम्ही खोलीत असलात की पाळणा वाईट, नसलात की चांगला, एवढंच त्यातून समजतं. साडीची झोळी बांधणार असाल तर ती रिकामी असताना गुंडाळून, गाठ मारून वर अडकवून ठेवा. झोळीसारखी दुसरी जागा मांजराच्या स्वप्नातही नसेल! टेपचा उपाय तिथे चालत नाही.

घेतलेल्या जागेच्या बदल्यात दुसरी द्या, आणि ती उंच असू द्या. माणसाच्या डोक्याच्या उंचीची एक फळी, कपाटाचा माथा, माळ्यावरची चादर घातलेली टोपली. वर जायला मध्ये एक पायरी हवी. ट्रे हलवायचा असेल तर रोज फूटभर सरकवा. एकदम दुसऱ्या खोलीत नेलात तर मांजर जुन्या जागी, उघड्या फरशीवर बसेल.

रडण्याचा आवाज

फोनवर तान्ह्या बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग लावा, आणि ते इतकं हळू की मांजराचा फक्त कान हलला पाहिजे. आवाज सुरू झाला की खाऊचे पाच-सहा दाणे, बंद झाला की खाऊही बंद. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं. दोन-तीन दिवसांनी आवाज एक घर वाढवा. मांजराने खाणं थांबवलं, कान मागे टाकले, तर दोन घरं मागे या. पहिल्याच दिवशी पूर्ण आवाजात लावून 'होईल सवय' म्हणणारे बरेच असतात. त्या मांजराला सवय होते ती पलंगाखाली पळायची.

वासांची ओळखही आधी करून द्या. बाळासाठी आणलेला साबण, तेल तुम्ही स्वतःच्या हाताला लावून रोजच्यासारखे वावरा.

माहेरी जाणार असाल तर

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा पेच मांजराच्या कुठल्याही परदेशी पुस्तकात सापडत नाही. जिच्या मांडीवर मांजर बसतं ती सातव्या-आठव्या महिन्यात नाहीशी होते आणि तीन महिन्यांनी अनोळखी वासाची होऊन परत येते. मांजराला बरोबर माहेरी नेऊ नका. माणसांइतकीच घराला धरून असणारी ती जात आहे. नव्या घरातून पळून जाण्याची भीती अशा वेळी सर्वांत जास्त. त्याऐवजी निघण्याच्या महिनाभर आधीपासून जेवण, खेळ, ट्रे हे सगळं घरी राहणाऱ्याच्या हाती द्या. बाळ झाल्यावर त्याचं वापरलेलं दुपटं पिशवीत घालून घरी पाठवत राहा, आठवड्याला एक. रडण्याचा सराव घरी राहणाऱ्याने चालू ठेवायचा.

दुपटं मांजराच्या नाकाशी धरायचं नाही. जेवणाच्या ताटलीपासून दोन-तीन फुटांवर जमिनीवर टाका आणि विसरून जा. हुंगून पुढे गेलं, त्याला अंग घासलं तर काम झालं. फिस्कारलं तर दुपटं लांब सरकवा, मांजराला रागावू नका.

घरी येण्याचा दिवस

दारात भाकरतुकडा ओवाळणं, औक्षण, शेजारपाजार, सगळ्यांचे मोठे आवाज. या गर्दीत मांजर नकोच. तासभर आधी त्याला आतल्या खोलीत पाणी, ट्रे आणि चादरीसह ठेवा. माणसं पांगली की बाळाला दुसऱ्या कुणाकडे द्या आणि आईने रिकाम्या हाताने, एकटीने मांजराला भेटा. मग दार उघडं टाका. बाळाला घेऊन खाली बसा. मांजर येईल तेव्हा येईल. उचलून बाळापाशी आणलेलं मांजर सुटायला धडपडतं, आणि त्या धडपडीत ओरखडा उठतो.

शेपूट ताठ वर, डोळे अर्धवट मिटलेले असतील तर ठीक. शेपूट जमिनीवर आपटणं, कान चपटे, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, अंग दबा धरल्यासारखं, यातलं काहीही दिसलं की बाळाला घेऊन उठा.

नंतरच्या आठवड्यांत होणारी सर्वांत सामान्य चूक म्हणजे बाळ झोपल्यावरच मांजराचे लाड करायचे. बाळ जागं असताना 'जा', झोपल्यावर 'ये' असा हिशेब मांजर चटकन मांडतं. उलट करा: बाळाला पाजताना शेजारी खाऊचे चार दाणे टाका. मालिशवाल्या बाई येतात ती वेळ मांजराच्या जेवणाची ठेवा, दुसऱ्या खोलीत. तेलाच्या वाटीत तोंड जाणार नाही आणि बाईंच्या पायातही घोटाळणार नाही.

घरातली विषं

धुरी, भीमसेनी कापूर, नीलगिरीचं तेल या तिन्ही वेळी मांजर त्या खोलीत नको. कापूर आणि नीलगिरी मांजराला विषारी आहेत, धूर त्याच्या फुप्फुसांना सोसत नाही. (कापूर तान्ह्या बाळालाही घातक आहे, उशाशी पुरचुंडी ठेवण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.) बाळाच्या तापाचं पॅरासिटामॉल मांजराच्या पोटात थोडं जरी गेलं तरी जीव जाऊ शकतो, तेव्हा ड्रॉपर उघडा ठेवू नका. पाण्यात घातल्यावर दुधासारखं पांढरं होणारं अँटिसेप्टिक आणि फिनेल हेही तसेच. ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर नंतर पंजे चाटतं.

बारशाला फुलांचे गुच्छ येतात. त्यात लिली असेल तर दारातूनच परत पाठवा. लिलीचे पराग अंगाला लागून चाटले गेले तरी मांजराचं मूत्रपिंड निकामी होतं. फुग्यांच्या दोऱ्या, रिबिनी, बाळाच्या मनगटातला तुटलेला काळा दोरा गिळला तर आतडी गोळा होतात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, थेट दवाखाना गाठा. आणि बारशाच्या दिवशी मुख्य दार सतत उघडं राहतं, तेव्हा मांजर खोलीत बंद आणि दारावर 'उघडू नये' असा कागद.

बाळाच्या कपड्यांवर लघवी केली तर

लोक याला सूड म्हणतात. मांजर घाबरलं की आपला वास पसरवून जागा आपलीशी करतं, इतकंच. पण त्याआधी आजार नाही ना ते बघा. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कण्हतोय आणि थेंब-थेंबच होतंय, तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. त्यात उद्यावर ढकललं तर जीव जातो. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तरी पशुवैद्याला दाखवा. डाग एंझाइम असलेल्या क्लीनरने धुवा. अमोनियावाल्या क्लीनरचा वास मांजराला लघवीसारखाच लागतो आणि ते पुन्हा तिथेच येतं. घरात एक ट्रे असेल तर दुसरा ठेवा. लिटरचा थर दोन-अडीच इंच.

रांगायला लागल्यावर

खरी कसोटी सातव्या-आठव्या महिन्यात, बाळ शेपटीमागे निघालं की. मांजराची ताटली ओट्यावर किंवा फळीवर न्या. ट्रे असलेल्या खोलीच्या दाराला आडवं फाटक लावा. म्हाताऱ्या मांजराला उडी झेपत नसेल तर फाटकाच्या पलीकडे एक स्टूल ठेवा, अलीकडे नको, नाहीतर त्यावर बाळ चढेल.

ओरखडा उठला किंवा दात लागला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, मांजराची लस झालेली असली तरी. हळद, चुना, मिरची काही लावू नका. मांजराच्या लसीचं कार्ड सोबत घ्या.

हात लावायला शिकवताना बाळाचं मनगट आपल्या हातात धरा, बोटं उघडी ठेवा आणि मानेकडून पाठीकडे, केसांच्या दिशेने दोनदाच फिरवा. बाळाची मूठ मिटायला लागली की हात बाजूला. मांजर उठून फळीवर गेलं तर जाऊ द्या, तिथून त्याला खाली आणायचं नाही.