पद्मिनीचा कार्बोरेटर: ओरिजिनलच रिपेअर करायचा की नवीन घ्यायचा?

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी घेतली की महिन्याभरात कोणीतरी सांगतंच, अरे तो सोलेक्स (गाडीवरचा मूळ कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) काढून टाक, मारुतीचा कार्ब बसव, ॲव्हरेज बघ कसं येतं. मलाही सांगितलं होतं. आमची गाडी ८६ सालची, बाबांची, आणि एका वर्षी तिने पार जीव नकोसा केला होता, सिग्नलला स्लो धरत नव्हती (ॲक्सिलरेटर सोडला की बंद पडायची), चढाला मिसिंग, सकाळी चोक ओढून ओढून हात दुखायचा. मी काय केलं तर सरळ डुप्लिकेट कार्ब आणून बसवला. आठ दिवस बरं चाललं आणि परत तेच. नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी बोनेट उघडून दहा मिनिटांत दाखवलं, मॅनिफोल्डचं (कार्बमधून इंजिनात जाणाऱ्या नळीचं) पॅकिंग एका बाजूने फुटलेलं, तिथून हवा ओढतेय, आणि प्लगला ठिणगी देणारे पॉइंट काळे पडलेले. कार्बचा दोष त्यात अगदी थोडा होता.

म्हणून कार्ब घ्यायचा विचार डोक्यात आला की आधी पॉइंटचा गॅप, कंडेन्सर, प्लग, टायमिंग, टॅपेट आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग एवढं तपासून घ्या. पेट्रोल फिल्टर काढून बघा, टाकीतला गंज तिथे येऊन बसतो. हे सगळं ठीक असेल तरच कार्बला हात लावा.

आता ओरिजिनल म्हणजे काय तर बहुतेक पद्मिनींवर सोलेक्सचा ३२ पीबीआयसी असतो, ३२ म्हणजे खाली बटरफ्लाय (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारी पातळ चकती) बसतो त्या भोकाचा व्यास, ३२ मिलिमीटर. साधा सिंगल बॅरल, १०८९ सीसीच्या इंजिनाला पुरेसा. यात घासणारे पार्ट मोजकेच आहेत आणि त्यातलं बरंच रिपेअर किटमध्ये मिळतं, नीडल, पॅकिंग, पंपाचा डायाफ्राम (रबरी पडदा). किटमध्ये मिळत नाही ती बॉडी. त्यामुळे माझ्या मते सगळा निर्णय एकाच प्रश्नावर येतो, तुमच्या कार्बची बॉडी जिवंत आहे का?

ते घरीच बघता येतं. इंजिन थंड असताना ॲक्सिलरेटरचा रॉड सोडवा आणि बटरफ्लायच्या स्पिंडलचं (तो ज्यावर फिरतो त्या दांड्याचं) टोक दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. फिरवायचं नाही, हलवायचं. नुसतं जाणवण्याइतकं हललं तर चालेल, पण कटकट आवाज येत असेल तर बॉडीतलं स्पिंडलचं भोक लंबुळकं झालंय. नक्की करायचं तर गाडी चालू करून स्लोवर ठेवा आणि स्पिंडलच्या दोन्ही टोकांना इंजिन ऑइलचे चार-चार थेंब सोडा. ऑइल सोडल्या सोडल्या इंजिनाचा आवाज बदलला, स्लो स्थिर झाला, की समजा तिथून हवा जात होती आणि ऑइलने ती फट तेवढ्यापुरती बंद केली. यासाठी पेट्रोल शिंपडून बघणारे मिस्त्री मी पाहिलेत, ते कृपा करून करू देऊ नका, गरम इंजिनावर भडका उडायला वेळ लागत नाही.

भोक गेलंय म्हणून कार्ब फेकायचा नाही. चांगला लेथवाला बॉडी बोर करून पितळी बुश घालून देतो, फक्त दोन्ही बाजू एका रेषेत यायला हव्यात, नाहीतर बटरफ्लाय अडकतो आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी पळत राहते. काम झाल्यावर बटरफ्लाय बोटाने उघडून सोडा, टक्कन स्वतःहून बंद झाला पाहिजे. वरचं झाकण वाकडं असेल (नट फार कसून कसून होतं हे) तर जाड काचेवर बारीक एमरी पेपर ठेवून आठच्या आकारात घासून सरळ होतं. जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी स्क्रू) तार घालायची नाही म्हणजे नाही. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचं माप, १२० म्हणजे १.२० मिलिमीटर, आणि तारेने ओरखडा पडला की ते माप गेलं. रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून हवेने फुंकायचं, बस.

बॉडीला तडा असेल, बेस तुटला असेल, किंवा आधीच कोणीतरी एम-सील भरून ठेवलं असेल, तर मात्र हट्ट सोडा आणि दुसरा बघा. त्यातही पहिली पसंती जुन्या ओरिजिनलला. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचारत फिरा. २०२३ च्या ऑक्टोबरला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, पण इतकी वर्षं शहरभर त्या टॅक्सी पळल्यात, त्यामुळे जुना माल अजून निघतो. घाणेरडा दिसणारा पण घट्ट स्पिंडलचा कार्ब हा चकचकीत नव्यापेक्षा कधीही चांगला.

तो नाहीच मिळाला तर तसाच दिसणारा डुप्लिकेट. सगळे वाईट नसतात, पण दुकानातच उघडून बघायचा आग्रह धरा. बटरफ्लाय बंद करून उजेडाकडे धरा, कडेने सगळीकडे सारखी बारीक रेघ दिसली पाहिजे, एका बाजूला चंद्रकोर दिसली तर परत द्या. आणि बाजूचा स्टार्टर बघा. या सोलेक्सला वर चोकची पट्टी नसते, बाजूला फिरणारी गोल चकती असते, तिच्यातून थंड इंजिनाला जास्तीचं पेट्रोल मिळतं. ही चकती नीट टेकत नसेल तर चोक आत ढकलला तरी पेट्रोल जातच राहतं, प्लग काळे, ॲव्हरेज पडलेलं, आणि माणूस जेट बदलत बसतो. माझ्या डुप्लिकेटमध्ये नेमकं हेच होतं. आणि डुप्लिकेट घेतलाच तर जुन्या कार्बमधले चांगले जेट काढून नव्यात घाला, आकडे जुळवून.

मारुती ८०० चा कार्ब बसवायचा सल्ला मी देणार नाही, रोज ऑफिसला चालवायची गाडी असली तरी. तो ७९६ सीसीच्या तीन सिलेंडरसाठी आहे, पद्मिनीवर खाली ॲडाप्टर प्लेट लागते, लिंकेज नवीन बनवावं लागतं, एअर फिल्टर बसत नाही, आणि जेट स्वतः शोधत बसायचे. ज्याने अशा दहा गाड्या केल्यात असा मिस्त्री शेजारी असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर रस्त्यात बंद पडल्यावर दुसऱ्या मिस्त्रीला ते कळतच नाही.

गाडी पन्नास वर्षांची होत आली असेल तर आणखी एक विचार करा. पद्मिनी हे नाव १९७४ ला आलं, म्हणजे पहिल्या गाड्या आता तिथे पोचल्यात. २०२१ च्या नियमांनुसार पन्नासच्या वरची आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए सिरीजचा नंबर मिळतो. अशा गाडीवर दुसऱ्या कंपनीचा कार्ब लावून स्वतःची अडचण का करून घ्यायची? आणि काहीही बसवलं तरी जुना कार्ब भंगारात देऊ नका, ऑइल लावून, फडक्यात गुंडाळून घरात ठेवा.

कुठलाही कार्ब ठेवलात तरी हल्लीच्या पेट्रोलचं बघावंच लागतं. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) पातळ होतं, गाडी गरम होते, पिकअपला खोकते. प्लग पांढरट दिसायला लागले तर मेन जेट एक नंबर मोठा घालून बघा. जुने रबरी पाइप आणि डायाफ्राम फुगतात किंवा चिरतात, ते इथेनॉल चालणारेच घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीकडून पेट्रोलच्या पंपात येणारा पाइप काढून, त्याचं तोंड बंद करून (पंपापुढचा काढला तर पेट्रोल बाहेर उडतं), गाडी चालू करून फ्लोटमधलं, म्हणजे कार्बच्या वाटीतलं पेट्रोल संपवून ठेवा, नाहीतर पाणी ओढून आत पांढरी बुरशी धरते.

बसवल्यावर गाडी पूर्ण गरम करा, मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकवून दीड फेरा बाहेर घ्या, आणि मग पाव-पाव फेरा फिरवत जिथे इंजिन सगळ्यात जोरात आणि सारखं फिरतं तिथे सोडा, मग स्लोच्या स्क्रूने वेग खाली आणा. वीसेक किलोमीटर चालवून एक प्लग काढून बघा, कॉफीसारखा तपकिरी आला की स्क्रूला परत हात लावू नका.