जपानी रॉक कराओकेला गाताय? गाणं निवडताना या चुका टाळा

जपानी कंपनीत काम करणाऱ्याला निजिकाई सहसा चुकत नाही. जेवण आटोपलं की मंडळी दुसऱ्या ठिकाणी वळतात आणि ते दुसरं ठिकाण बरेचदा कराओके बॉक्स असतं, म्हणजे मशीनवर वाजणाऱ्या चालीवर गाण्यासाठीची बंद खोली. तोक्योत निशिकासाईला राहणाऱ्या आपल्या लोकांना हे नवीन नाही. पुण्यात जपानी शिकणारी, ॲनिमेवर वाढलेली मुलंही आता मित्रांत बसून जपानी रॉक गातात. यातल्या बऱ्याच जणांचा गळा चांगला असतो, भाषाही येत असते, तरी गाणं दुसऱ्या कडव्यात कोसळतं. माझं ठाम मत आहे की हे माईक हातात येण्याआधीच, गाणं निवडतानाच ठरलेलं असतं.

गाणं सोपं की अवघड हे ओळखायला दोनच गोष्टी तपासा: त्यातला सर्वांत उंच सूर आणि त्यातली शब्दांनी सर्वांत गच्च भरलेली ओळ. गाणं किती गाजलंय किंवा ते किती संथ आहे, यावरून काहीच कळत नाही.

दीड मिनिटाची ओळख

ॲनिमेच्या सुरुवातीला वाजतं ते गाण्याचं दीड मिनिटाचं रूप. ते शंभरदा ऐकून आपल्याला वाटतं, गाणं पाठ आहे. मशीनवर मात्र पूर्ण गाणं लागतं. पहिली साबी संपते, दुसरं कडवं सुरू होतं आणि आपण पडद्याकडे बघत राहतो. (साबी म्हणजे गाण्याचा कळसाचा भाग, त्याआधीच्या भागांना ए-मेरो, बी-मेरो म्हणतात.) काही मशीनवर छोटं रूपही मिळतं, पण त्यावर विसंबू नका. घरी पूर्ण गाणं ऐका आणि शेवटची साबी कान देऊन ऐका. अनेक जपानी गाण्यांत तिथे तेन्चो होतो, म्हणजे सगळी चाल अर्ध्या किंवा एका सुराने वर चढते. पहिली साबी जेमतेम पेलणाऱ्याचा आवाज तिथे फाटतो.

मऊ गाणं म्हणजे सोपं गाणं, हा समज

स्पिट्झ या बँडचं १९९५ चं ‘रोबिन्सन’ घ्या. ऐकायला किती हलकं! पण त्यांचे गायक कुसानो मासामुने यांचा आवाज मुळातच उंच आहे आणि ते इतक्या सहज गातात की ऐकणाऱ्याला ती उंची जाणवत नाही. गायला उभं राहिल्यावरच साबी कुठे आहे ते समजतं. याच बँडचं १९९६ चं ‘चेरी’ नवख्याला जास्त मानवतं. चाल सरळ आहे, लय पायाला लागते आणि शब्दांमध्ये श्वास घ्यायला जागा आहे.

उलट आरडाओरड्याचं वाटणारं गाणं पुष्कळदा सोपं असतं. द ब्लू हार्ट्सचं १९८७ चं ‘लिंडा लिंडा’ हे माझं पहिलं उत्तर. सुरुवातीचं संथ कडवं नीट धरलंत की पुढची साबी जवळजवळ त्या एका नावावरच उभी आहे. तिथे नजाकत कुणालाच नको असते, जीव ओतलेला हवा असतो आणि खोलीतले सगळे आपोआप सामील होतात. ओकिनावाच्या मोंगोल ८०० चं २००१ चं ‘चीसाना कोइ नो उता’ही असंच सर्वांना येणारं, फक्त त्याच्या कडव्यांत शब्द दाटीने येतात, तेवढ्यांचा सराव लागतो. आवाज खर्जातला असेल तर बम्प ऑफ चिकन या बँडकडे वळा. त्यांचे गायक फुजिवारा मोतोओ इतर रॉक गायकांच्या मानाने खाली गातात. २००१ चं ‘तेन्ताई कान्सोकु’ त्यामुळे गळ्याला झेपतं, तरी जिभेला मेहनत आहेच. बायकांना झार्डचं १९९३ चं ‘माकेनाइदे’ सुचवेन. ते कुठल्याही वयाच्या जपानी माणसाला माहीत असतं.

मूळ पट्टीचा हट्ट

सर्वांत जास्त गाणी इथे बिघडतात. आपल्याकडे भावगीत म्हणायचं तर पेटीवाला आधी विचारतो, पट्टी कोणती? काळी एक सांगितली म्हणून कुणाला कमीपणा वाटत नाही. तीच माणसं कराओकेला गेली की मूळ पट्टी सोडायला तयार नसतात.

जपानी कराओकेवाले सुरांची उंची ‘मिड-टू-जी’, ‘हाय-ए’ अशा नावांनी सांगतात. पुरुषांच्या रॉक गाण्यांची साबी याच टापूत फिरते. आपल्या हिशेबाने, ज्याचा षड्ज काळी एकला आहे त्याला ‘हाय-ए’ म्हणजे तार पंचमाच्याही वरचा कोमल धैवत. एकदा लागेलही, पण साबीभर तिथे राहता येईल का? मशीनच्या रिमोटवर ‘की’ म्हणजे पट्टी कमीजास्त करायचं बटण असतं. एक टप्पा म्हणजे पेटीवरचा लगतचा सूर. तीन टप्पे खाली आणलं की तोच धैवत तार मध्यमावर येतो आणि गाणं माणसात येतं.

बायकांनी पुरुषांचं गाणं घेतलं तर अडचण उलटी. साबी आरामात बसते, पण कडवं खर्जात बुडतं. दोन-तीन टप्पे वर घ्या. पुरुषाने बाईचं गाणं सप्तक उतरवून गायचं ठरवलं, तर ते फार खाली जातं; चार-पाच टप्पे वर चढवलं की नीट बसतं. ही जुळवाजुळव आधी एकट्याने करावी. जपानमध्ये हितोकारा, म्हणजे एकट्याने जाऊन गाणं, अगदी रुळलेलं आहे. किती टप्पे लागले तो आकडा फोनमध्ये नोंदवून ठेवा आणि पार्टीत गाणं लावतानाच तो द्या.

संकोच वाटत असेल तर ही खोली कशासाठी जन्माला आली ते आठवा. पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानाची प्रेरणा ज्या ओकायामातल्या बागेची आहे, त्याच ओकायामात १९८० च्या दशकात मालवाहू कंटेनरमध्ये कराओके बॉक्स सुरू झाले. बंद खोलीत, चार ओळखीच्यांत गाण्यासाठी. तिथे पट्टी उतरवली म्हणून कोण हसणार?

पडद्यावर वाचत गाऊ, हा भरवसा

कांजीवर (चिनी चित्रलिपीतल्या अक्षरांवर) बारीक अक्षरांत काना, म्हणजे उच्चार सांगणारी जपानी अक्षरं, दिलेले असतात, पण गाण्याच्या वेगात ते वाचणं परीक्षेत उतारा वाचण्याइतकं सोपं नाही. शब्द देवनागरीत लिहून पाठ करा. फक्त अनुस्वार वापरू नका. जपानीत ‘न्’ स्वतःची मात्रा घेतो आणि रॉकमध्ये त्याला बरेचदा स्वतंत्र सूर असतो. ‘तेंताई’ असं लिहिलंत तर ती मात्रा गिळली जाते आणि तुम्ही तालाच्या पुढे धावता. ते-न्-ता-इ, का-न्-सो-कु असं तोडून लिहा, दीर्घ स्वरही दोनदा मांडा आणि टाळी देत म्हणा. एका बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे: ‘त्सु’ हा उच्चार आपल्या ‘चूल’मधल्या ‘चू’च्या अगदी जवळ आहे.

रादविम्प्सचं २०१६ चं ‘झेन्झेन्झेन्से’ फार लोकप्रिय आहे, पण त्यातला शब्दांचा वेग बघता पहिल्या वर्षी नकोच.

वाद्यांचे तुकडे

गाणं सुरू कुठे होतं तेही पाहा. इकिमोनोगाकारीचं २००८ चं ‘ब्लू बर्ड’ थेट साबीनेच सुरू होतं. सूर पकडायला आधी वाद्यं नाहीत, त्यामुळे पहिलाच सूर चुकला की ओळभर चाचपडावं लागतं. एक्स या बँडचं १९८९ चं ‘कुरेनाई’ तर नवख्याने ऐकावंच फक्त. इतक्या वर, इतका वेळ टिकणारा गळा फार थोड्यांकडे असतो.

गुण देणारी सोय सुरुवातीला बंद ठेवा. आपल्या सवयीची मींड तिथे ‘शाकुरी’ म्हणून मोजली जाते खरी, पण सूर घसरला म्हणून गुणही जातात. ‘गाइड मेलडी’ मात्र मोठी करा. चाल कानात वाजत राहिली की धीर येतो.

तरीही मध्येच अडकलात तर

मधल्या वाद्यतुकड्यात पट्टी दोन टप्पे उतरवा. साबी झेपत नसेल तर ती सप्तक खाली गा, किंवा दुसरा माईक शेजाऱ्याच्या हातात द्या. ओळखीचं गाणं असेल तर तो नाही म्हणत नाही. तेही जमलं नाही तर पहिल्या साबीनंतर गाणं थांबवा. हे सगळेच करतात, त्यात अपमान नाही. मात्र पुढचं गाणं आधीच रांगेत घालून ठेवा, म्हणजे थांबवल्याबरोबर ते सुरू होतं आणि माईक पुढच्याकडे जातो.