मायग्रेशन इकॉनॉमिक्समध्ये येताय? माझं दीड वर्ष कुठे गेलं ते आधी वाचा

एमए झालंय, रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मोजायची पद्धत) येतं, स्टाटा नाहीतर आर ही आकडेमोडीची सॉफ्टवेअरं चालवता येतात आणि आता स्थलांतरावर काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे मेसेज अधूनमधून येतात. प्रत्येकाला तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतेय. बेसिक सांगत बसणार नाही, ते तुम्हाला येतंच.

या विषयाचे ढोबळ दोन भाग. एक, बाहेरून माणसं आली की स्थानिकांच्या पगाराचं, नोकऱ्यांचं काय होतं. दोन, जी माणसं आली त्यांचं स्वतःचं पुढे काय होतं. नवीन माणूस पहिल्याकडे धावतो कारण भांडणं तिथे आहेत. मारिएलचं (क्यूबातलं बंदर) भांडण तर तुम्ही वाचलंच असेल. १९८० मध्ये काही महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास क्यूबन लोक बोटींनी फ्लोरिडात उतरले, मायामीतले कामगार एकदम ७ टक्क्यांनी वाढले, आणि अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्डने १९९० च्या पेपरात दाखवलं की स्थानिकांच्या पगाराला फारसा धक्का लागला नाही. मग २०१७ मध्ये दुसरा अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोरहासने फक्त हायस्कूल पूर्ण न केलेले, हिस्पॅनिक नसलेले पुरुष वेगळे काढले आणि म्हणाला पगार १० ते ३० टक्के पडला. त्यावर मायकेल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी दाखवून दिलं की नेमक्या त्याच वर्षांत बोरहासने वापरलेल्या सर्व्हेमध्ये कमी शिकलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांचं प्रमाण वाढलं होतं, आणि त्यांचा पगार सरासरीने कमी असल्यामुळे गटाची सरासरी आपोआप खाली आली. कुणाचाही पगार न कापता! हे मी फर्स्ट इयरला वाचलं, मान डोलावली, परीक्षेत लिहून मार्कही घेतले. आणि दुसऱ्या भागात काम करताना त्याच जातीच्या खड्ड्यात स्वतः पडले.

माझा विषय होता अमेरिकेतले भारतीय. तिथे आल्यावर वर्षं वाढतील तसा त्यांचा पगार कसा बदलतो. डेटा आयपम्सवरून, म्हणजे मिनेसोटा विद्यापीठाच्या साइटवरून, फुकट मिळतो. (तिथे बीपीएल नावाचा व्हेरिएबल, म्हणजे माहितीचा रकाना, असतो, त्यात भारताचा कोड ५२१. आपल्याकडे बीपीएल म्हणजे दारिद्र्यरेषेखालचे, तिथे बर्थप्लेस. आईला स्क्रीन दाखवली तर ती म्हणाली अमेरिकेत पण रेशनकार्ड असतं का.) पहिल्याच आठवड्यात माझ्या भारतीयांची सरासरी कमाई भलतीच निघाली, कारण ज्यांना पगाराचा प्रश्न लागूच नाही त्यांच्यापुढे ९९९९९९ असा कोड असतो आणि मी तो खरा पगार समजून बसले होते. हे सगळ्यांचंच होतं, लाजू नका, कोडबुक वाचा, पुढे चला.

खरी चूक पुढे झाली. मी एकाच वर्षाचा सर्व्हे घेतला, अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे. त्यात वय टाकलं, शिक्षण टाकलं, 'येऊन किती वर्षं झाली' टाकलं. मॉडेल भारदस्त दिसावं म्हणून 'कुठल्या साली आला' हेसुद्धा टाकलं. स्टाटाने वरती एक बारीक ओळ छापली की कोलिनिॲरिटीमुळे एक व्हेरिएबल गाळलाय. मी ती ओळ बघितली आणि सोडून दिली. अहो, गाळणारच ना! सर्व्हेचं साल एकच, त्यातून आल्याचं साल वजा केलं की राहून किती वर्षं झाली तेच उरतं. दोन्ही एकच गोष्ट आहे. म्हणजे २५ वर्षं राहिलेला आणि ५ वर्षं राहिलेला यांच्यातला फरक हा राहिल्यामुळे पडला की ती मुळातच वेगळ्या काळात आलेली वेगळी माणसं आहेत, हे एका वर्षाच्या डेटातून सांगताच येत नाही. कितीही रोबस्ट स्टँडर्ड एरर लावा, म्हणजे अंदाजातल्या अनिश्चिततेचा हिशेब कितीही चोख करा.

आणि माझं उत्तर आलं उलटं. वय आणि शिक्षण सारखं धरलं तर जितकी जास्त वर्षं अमेरिकेत, तितका पगार कमी. मी खूश! नवीन काहीतरी सापडलं म्हणून त्यावर मोठी थिअरी लिहिली, भेदभाव, बढती अडकणं, जुनी झालेली स्किल्स वगैरे. चाळीस पानं. दीड वर्ष.

आता इतिहास आठवा, जो मला तोंडपाठ होता आणि तरी आठवला नाही. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचं दार उघडलं तेव्हा आधी गेले डॉक्टर, इंजिनिअर. मग त्यांनी भावंडांना, नातेवाइकांना बोलावून घेतलं, त्यात दुकान आणि मोटेल चालवणारेही बरेच. १९९० च्या कायद्यातून एच-१बी हा कुशल नोकरदारांचा व्हिसा आला आणि त्या दशकाच्या शेवटाकडे आयटीवाल्यांची रांग लागली, पुण्याच्या निम्म्या सोसायट्यांना हे सांगायची गरज नाही. माझी 'जास्त वर्षं राहिलेली' माणसं बरीचशी भाऊबंदांच्या व्हिसावर आलेली आणि 'कमी वर्षं राहिलेली' म्हणजे कंपनीने निवडून आणलेली. मी राहण्याचा परिणाम मोजतच नव्हते, दोन वेगळ्या रांगांतली माणसं शेजारी उभी करून उंची मोजत होते.

बरं, हे तरी पुस्तकात आहे. बॅरी चिझविकने १९७८ मध्ये १९७० च्या एकाच जनगणनेवरून म्हटलं की स्थलांतरित १०-१५ वर्षांत स्थानिकांना गाठतात आणि मग पुढे जातात. बोरहासने १९८५ मध्ये १९७० आणि १९८० अशा दोन जनगणना जोडून दाखवलं की त्यातली बरीच वाढ म्हणजे आधी आलेल्या आणि नंतर आलेल्या तुकड्यांमधला फरक आहे. म्हणून किमान दोन जनगणना घ्या आणि प्रत्येक तुकडीचा माग काढा. पण तेव्हाही एक गोष्ट गृहीत धरावी लागते, की मंदी-तेजी स्थलांतरितांना आणि स्थानिकांना सारखीच लागते. धरलंय तर तसं लिहा, लपवू नका.

एवढं दुरुस्त केल्यावर मला वाटलं सुटले. मग मे महिन्यात गावी गेले होते, राजापूरकडे. काका लालबागला गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर परत आले ते कायमचेच. त्यांनी विचारलं काय शिकतेस, म्हणून चाकरमान्यांचं उदाहरण देऊन सांगितलं. ऐकून म्हणाले, "काय गो बाय, म्हंजे मुंबयत ऱ्हायले त्येंचाच पगार लिवलास? आमी परत आलो ते नाय मोजलं काय?"

नाय मोजलं. सहसा कोणीच मोजत नाही, कारण नेहमीच्या डेटात ते नसतातच.

समजा एका गावातून दहा जण मुंबईला गेले. सहा जणांना २० हजार पगार, चौघांना १० हजार. सरासरी १६ हजार. दहा वर्षांत कुणाचाही पगार एक रुपयाने वाढला नाही, फक्त ते चौघं कंटाळून गावी परत आले. आता मुंबईत जाऊन मोजा, सरासरी २० हजार. तुमचा पेपर म्हणेल २५ टक्के वाढ, शहर माणसाला वर काढतं. आणि दोन जनगणना घेऊनही हे दिसत नाही, कारण दोन्ही वेळा तुम्ही मुंबईतच मोजताय. उलटंही होतं बरं का, चांगलं कमावणारेच परत गेले तर सरासरी खाली येते आणि तुम्ही भेदभावावर चाळीस पानं लिहिता. यावर एकच इलाज, तोच माणूस वर्षानुवर्षं दिसेल असा डेटा. डॅरेन लुबॉट्स्कीने २००७ मध्ये सोशल सिक्युरिटीच्या (अमेरिकेची सरकारी पेन्शन योजना) नोंदींतून हे केलं तेव्हा वाढीचा वेग जनगणनेत दिसतो त्याहून बराच कमी निघाला, कारण कमी कमावणारे जास्त परत जात होते. अब्रामित्स्की, बुस्टान आणि एरिक्सन यांनी २०१४ च्या पेपरात १९०० ते १९२० च्या जनगणनांमधली तीच माणसं नावं जुळवून शोधली, आणि 'गरीब आला आणि भराभर वर चढला' ही गोष्ट बरीचशी विरघळली.

तर कामाची सवय अशी लावा की कुठलंही टेबल करण्याआधी कागदावर दोन ओळी लिहायच्या, यात कोण आहे आणि यात कोण असायला हवं होतं पण नाही. बायकांचं विशेष बघा. एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आलेल्या इंजिनिअर बाईचा पगार शून्य दिसतो तो तिला काम करायची परवानगी नाही म्हणून, २०१५ पासून त्यातल्या काहींनाच मिळायला लागली.

भारतावर काम करायचं असेल तर घाबरू नका, डेटा आहे. २०११ च्या जनगणनेत ४५ कोटींच्या वर स्थलांतरित आहेत, पण त्यात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायका प्रचंड, ते न बघता 'भारत शहराकडे धावतोय' लिहू नका, प्लीज. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे २००७-०८ ची एनएसएसची (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण) ६४ वी फेरी आणि २०२०-२१ चा पीएलएफएस (सरकारचा रोजगार सर्व्हे) यावर भागवावं लागतं, आणि तो दुसरा कोविडच्या वर्षातला आहे हे विसरू नका. माझा लाडका मात्र केरळचा मायग्रेशन सर्व्हे, १९९८ पासून चालू आहे. ते घरी जाऊन विचारतात कोण गेलंय आणि कोण परत आलंय. काकांसारखी माणसं तिथे मोजली जातात. कोकणासाठी असं कुणीतरी करा.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. सिनिअरची डू-फाइल (स्टाटाच्या आज्ञांची फाइल) घेऊन नुसते व्हेरिएबल बदलायचे नाहीत, त्याची चूक तुमच्या नावावर येते. शिफ्ट-शेअर इन्स्ट्रुमेंट, म्हणजे कारण आणि परिणाम वेगळे काढायची एक युक्ती, लावलं की प्रश्न मिटला असंही समजू नका. जुन्या वस्त्यांच्या जोरावर नवीन येणाऱ्यांचा अंदाज बांधायचा तर त्या वस्त्या आधीपासून तेजीतल्या शहरात होत्या का, हे कोण बघणार? गाइडबद्दल म्हणाल तर माझ्या पहिल्या गाइडने ती चाळीस पानं वाचून 'इंटरेस्टिंग' लिहून परत पाठवली होती. नंतरच्या मॅडमनी पाच मिनिटांत विचारलं, ही माणसं कुठल्या व्हिसावर आली? रडू आलं, पण पेपर तरला. नावाजलेल्या गाइडच्या मागे धावू नका, तुमचं टेबल स्वतः उघडून बघणारा शोधा.

आणि दीड वर्ष गेलं म्हणजे गेलंच असंही नाही. डेटा साफ करायचा कोड सगळा कामी आला, ती थिअरी तेवढी कचऱ्यात गेली. परवा काकांनी फोनवर विचारलं, मग आता मोजलंस काय आमाला? अजून नाही, अर्ज टाकलाय.