घरच्या घरी कोरियन गाल्बी

कोरियन भाषेत गाल्बी म्हणजे बरगडी. सोया सॉस, नाशपाती, लसूण आणि तिळाच्या तेलात मुरवून जाळीवर भाजलेल्या बीफच्या बरगड्यांनाही हेच नाव. सेऊलच्या दक्षिणेला असलेल्या सुवन शहरात आम्ही राहतो आणि हे शहर गाल्बीसाठीच ओळखलं जातं. इथला ह्वासंग किल्ला 1796 मध्ये बांधून झाला. त्यानंतर शहराबरोबर गुरांचा बाजारही वाढला, आणि पुढे त्यातूनच सुवनची 'वांग-गाल्बी' नावारूपाला आली. 'वांग' म्हणजे राजा. बरगडीही तशीच ऐसपैस. मात्र सुवनची खास पद्धत मिठावरची. घरोघरी होते ती सोया सॉसची, आणि तीच मी शेजारच्या आजींकडून शिकले.

विस्तवावर गाल्बी जेमतेम पाच-सहा मिनिटं असते. ती चांगली होणार की नाही, हे त्याआधीच पाण्यात आणि वाटणात ठरलेलं असतं. म्हणून खालच्या पहिल्या दोन पायऱ्यांत घाई करू नका.

मांस कोणतं घ्यावं

घरासाठी सगळ्यात सोयीचा 'एलए' काप. हाडं आडवी कापून केलेल्या लांब पट्ट्या असतात, जेमतेम पाऊण सेंटिमीटर जाडीच्या, आणि प्रत्येक पट्टीच्या कडेला हाडाच्या तीन-चार चकत्या. लॉस एंजेलिसमध्ये स्थायिक झालेल्या कोरियन कुटुंबांनी तिथल्या खाटकांकडे मिळणारा हा काप वापरायला घेतला, म्हणून हे नाव पडलं असं सहसा सांगतात. अमेरिकेत राहणाऱ्यांनी खाटकाकडे 'फ्लॅन्केन कट' मागावा. मांसात चरबीच्या पांढऱ्या रेघा दिसायला हव्यात. अगदी लालबुंद, कोरडं मांस भाजल्यावर चिवट होतं.

महाराष्ट्रात 2015 पासून संपूर्ण गोवंशाच्या हत्येवर बंदी आहे. तिथल्या वाचकांनी हेच वाटण डुकराच्या बरगडीजवळच्या पातळ कापांना लावावं. ही काही तडजोड नव्हे. कोरियात 'द्वेजी-गाल्बी' हा स्वतंत्र आणि लाडका पदार्थ आहे, शिवाय बीफपेक्षा खूप स्वस्त. फक्त डुकराचं मांस आतपर्यंत पूर्ण शिजवा.

1. पाण्यात ठेवणं

दीड किलो पट्ट्या (चार जणांना पुरतात) वाहत्या पाण्याखाली एकेक करून धुवा. हाडांवरून बोट फिरवलं की बारीक कचकच लागते. तो करवतीने कापताना पडलेला हाडांचा भुसा. तो राहिला तर खाताना दाताखाली येतो. मग पट्ट्या गार पाण्यात अर्धा ते एक तास बुडवून ठेवा आणि मध्ये एकदा पाणी बदला. पहिलं पाणी गुलाबी होतं, दुसरं बरंच नितळ राहतं. रक्त निघून गेलं की उग्र वास जातो आणि वाटण नीट मुरतं. शेवटी चाळणीत निथळून, कपड्याने किंवा कागदाने टिपून घ्या. पट्ट्या ओल्या राहिल्या तर वाटण पाणचट होतं.

2. वाटण

एक मध्यम कोरियन नाशपाती, एक लहान कांदा, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि पेराएवढं आलं मिक्सरमधून बारीक वाटा. त्यात अर्धा कप सोया सॉस, अर्धा कप पाणी, चार मोठे चमचे ब्राउन शुगर, दोन मोठे चमचे तिळाचं तेल, अर्धा छोटा चमचा मिरपूड आणि बारीक चिरलेल्या कांद्याच्या दोन पाती घाला.

दोन गोष्टी जपा. सोया सॉस नैसर्गिकरीत्या आंबवलेला, कोरियन किंवा जपानी घ्या. आपल्याकडे नूडल्ससाठी मिळणाऱ्या काळ्या, दाट सॉसने रंग येतो, चव येत नाही. तेलही भाजलेल्या तिळांचं हवं, गडद तपकिरी आणि खमंग. आपलं फिकट घाण्याचं तीळतेल चांगलं असलं तरी इथे चालत नाही.

नाशपाती गोडव्याबरोबर मांस मऊही करते, तेही हळुवारपणे. ती मिळाली नाही म्हणून मी एकदा दोन किवी घातली आणि रात्रभर ठेवली. सकाळी मांस बोटाने दाबताच पिठासारखं सुटलं. मटणाला कच्ची पपई जास्त लागली की जे होतं, अगदी तेच. किवी, अननस आणि पपई या तिन्हींत प्रथिनं तोडणारी जोरकस विकरं असतात. घालायचीच असेल तर किवी एक चमचा, आणि तीही भाजण्याआधी अर्धा तास. त्यापेक्षा साधं गोड सफरचंद बरं.

3. मुरवणं

पसरट डब्यात पट्ट्यांचे थर लावा आणि प्रत्येक थरावर वाटण ओता. फ्रिजमध्ये किमान चार तास, शक्यतो रात्रभर. मध्ये एकदा खालचा थर वर आणा. एक दिवसाच्या पुढे नेऊ नका. मांस खारट होतं आणि पोत बिघडतो. भाजण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.

4. भाजणं

कोळसा उत्तम. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आला की जाळी ठेवा, ज्वाळा असताना नाही. वाटणात साखर आहे, ज्वाळेवर ती क्षणात करपते आणि मांस कडवट होतं. पट्टीला चिकटलेला लसणाचा चोथाही बोटांनी निपटून काढा, आधी तोच जळतो. एका बाजूला दोन-तीन मिनिटं. कडा गडद झाल्या आणि चरबी पारदर्शक दिसू लागली की उलटा.

फ्लॅटमध्ये बिडाचा तवा चांगला काम देतो. तो कडक तापवा, एका वेळी दोनच पट्ट्या टाका आणि खिडक्या उघड्या ठेवा, धूर होतोच. गर्दी केली तर पाणी सुटून मांस भाजण्याऐवजी उकडतं. दर दोन खेपांनंतर तवा पुसा. उरलेलं वाटण कच्च्या मांसाला लागलेलं असतं, तेव्हा वरून घालायचं असेल तर आधी खळखळून उकळा.

5. वाढणं

कोरियात मांस जाळीवरच, स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापतात. चिमट्याने पट्टी उचलून धरायची आणि हाडाजवळून कात्री चालवायची. सोबत गरम भात, किमची, लेट्यूसची पानं, लसणाच्या चकत्या आणि साम्जांग. साम्जांग घरी करायचं तर दोन चमचे द्वेन्जांग म्हणजे सोयाबीनची आंबवलेली पेस्ट, एक चमचा गोचुजांग म्हणजे मिरचीची आंबवलेली पेस्ट, थोडा लसूण, मध आणि तिळाचं तेल कालवा. तळहातावर पान, त्यावर चिमूटभर भात, मांस, साम्जांग. पुरचुंडी करून ती एकाच घासात तोंडात. अर्धी तोडली की सगळं हातावर सांडतं.

हाडं टाकू नका. कापून उरलेल्या चकत्या पुन्हा मिनिटभर जाळीवर ठेवा. हाडाला धरून असलेला पातळ पडदा कुरकुरीत होतो, आणि तो हातात धरून दातांनी ओढूनच खायचा. आजी हा भाग माझ्या मुलासाठी वेगळा काढून ठेवतात.